आठवड्याला एक पुडी

थांबा, आधी हे ऐका, बाकीचं नंतर. आज रविवार आहे, मी इंदूरमध्ये काकूंच्या गच्चीवर बसलेय, मोबाईलवरच टाइप करतेय, ऊन सरळ स्क्रीनवर येतंय त्यामुळे काय लिहितेय ते धड दिसतही नाही. चुका असतील तर समजून घ्या. पण संध्याकाळी साडेसातला आमच्या चोपड्याची बस सुटते आणि त्याच्या आत मला हे लिहून टाकायचंय. नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन, आणि गप्प बसण्याचं काय होतं ते मी बघून आलेय.

सुरुवात स्टँडपासून करते. तीन वर्षांपूर्वी, जून महिना, चोपड्याचा स्टँड. मी इंदूरला नोकरीला निघाले होते. दोन बॅगा, एक गादीची वळकटी, आणि आईच्या हातात स्टीलचा कडीचा डबा, ज्याच्या झाकणावर पप्पांचं नाव कोरलेलं आहे. डब्यात कुरडया, उडदाचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी. मला वाटलं होतं आई रडेल. ती रडली नाही. ती म्हणाली, "डबा बसवाल्याच्या हातीच परत पाठव. आणि रिकामा नको पाठवू, बरं का." पप्पा म्हणाले, "तू बघ तुझं, इकडचं आम्ही पाहतो." बस्स. बस निघाली तेव्हा आईने हात हलवला, आणि तिचा तो हात मला अजून दिसतो. वाळवणाचा महिना नुकताच संपला होता, हात कोपरापर्यंत काळा पडलेला, आणि बांगड्या वर सरकल्या की त्यांच्याखाली गोऱ्या रेघा. दर उन्हाळ्याला यायच्या तशा.

वाळवण म्हणजे आमच्याकडे एप्रिल-मेचा पूर्णवेळ जॉब होता. आई सकाळी सहाला गच्चीवर, गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालायची, आणि मी कावळे हाकायला. काठीला काळं फडकं बांधून दिवसभर बसायचं. निम्मे ओले पापड माझ्याच पोटात जायचे. डोक्यावर आईची जुनी ओढणी, नाक सोललेलं, आणि दर तासाला खालून हाक, "मनू, कडेचे उलटव गं!" ऊन आम्ही कधी मोजलंच नाही. ते होतंच. भरपूर. फुकट.

आता इंदूर. काय सांगू, मला आवडलं हो हे शहर, खोटं का बोलू. सकाळी पोहे, त्यावर जीरावन मसाला, बाजूला जलेबी, आणि कुणीही कुणालाही भिया म्हणतं. ज्यांच्याकडे राहते त्या काकू इथल्याच, चार पिढ्यांपासून. मराठी अशी की अर्धी हिंदी. "अगं बेटा, नळ जल्दी बंद कर, टंकी पूरी खाली होते." पहिल्या आठवड्यात मी हसायचे, आता मीही तश्शीच बोलते, आईला फोनवर "बिल्कुल" म्हणते.

पण ऊन गेलं. कधी गेलं ते कळलंच नाही. सकाळी स्कूटीवर निघायचं तर तोंडाला स्कार्फ, हाताला ते लांब मोजे, डोळ्यावर गॉगल, फक्त नंबर प्लेटवरून ओळखावं अशी अवस्था. इथल्या सगळ्या पोरी तशाच. ऑफिस काचेचं, पण मॉनिटरवर चमक येते म्हणून पडदे कायम खाली. नऊला आत, सातला बाहेर. दोन वर्षं असंच. मग माझ्या मांड्या दुखायला लागल्या. काकूंचं घर खाली, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिसऱ्या जिन्यावर मी कठडा धरून उभी राहायचे. काकू खालून ओरडायच्या, "काय गं, तू माझ्यापेक्षा बुढी झालीस का?" केस गळत होते, झोप संपत नव्हती, कारण नसताना रडू यायचं. मला वाटलं घरची आठवण येते म्हणून.

तुकोगंजला एका क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाहेर निघतेस का कधी?" मी म्हटलं रोज. त्या म्हणाल्या, "उन्हात?" मी हातातला स्कार्फ दाखवला. रिपोर्ट आला, व्हिटॅमिन डी नऊ. निदान तीस तरी हवं म्हणे. ऑफिसमध्ये सांगितलं तर शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "नौ? अरे मेरा सात है भिया, अपन जीत गए!" मग सगळ्यांनी आपापले आकडे सांगितले. हसलो आम्ही खूप. मॅडमनी पुड्या लिहून दिल्या, साठ हजार युनिटच्या. दुधातून, आठवड्याला एक, आठ आठवडे. चिठ्ठीवर 'आठवड्याला' च्या खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाल्या, "रोज नाही हं. हे सरबत नाहीये." सोबत सकाळी वीस मिनिटं ऊन.

मी बरी झाले. पाच-सहा आठवड्यांत जिना धडाधडा चढायला लागले, आणि मला ओळखणाऱ्यांना माहीतच आहे, मला काही चांगलं मिळालं की मी ते वाटत सुटते. काकूंना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, भाजीवालीलासुद्धा सांगितलं. आणि आईला.

कारण आईचेही गुडघे दुखत होते. वर्ष-दीड वर्ष. मी गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिने वाळवण बंद केलं होतं. मला म्हणाली, "खाणारं कोण आहे? बचत गटाच्या बाया करतात चांगले, ते आणते." म्हणजे गच्चीवर जाणंच बंद. घरात, स्वयंपाकघर ते टीव्ही. मी इकडे काचेत आणि ती तिकडे भिंतीत. मला हे तेव्हा दिसलं नाही. मला फक्त एवढं दिसलं की आईचं आणि माझं दुखणं सेम आहे, म्हणजे औषधही सेम. टेस्ट नाही, डॉक्टर नाही. फोनवरच ठरवलं मी.

आणि श्रावणात तिचा डबा आला. बसवाले आणतात, सकाळी तीन इमलीच्या बसस्टँडवर जाऊन घ्यायचा. कळण्याच्या भाकरीचं पीठ होतं, ज्वारी-उडदाचं, आणि लसणाची चटणी. डबा रिकामा पाठवायचा नाही, मग मी त्यात रतलामी सेव भरली, आणि सेवेखाली प्लास्टिकच्या पिशवीत आठ पुड्या. फोन केला तेव्हा मी स्कूटीवर होते, पलासियाचा सिग्नल लागला होता. तरी मी स्पष्ट सांगितलं. "आई, आठवड्याला एक. रविवारी. दुधातून." ती म्हणाली, "हो हो, रविवारी." मग मी म्हटलं, "पाय बरे झाले की ये इंदूरला. तीन जिने आहेत ना, म्हणून थांब म्हणते."

आता खरं सांगते, कारण आज खरंच सांगायचंय. तीन वर्षांत आई एकदाही माझ्याकडे आली नव्हती. दर वेळी मीच म्हणायचे, जिने आहेत. जिने होतेच. पण खोली लहान, शनिवारी मैत्रिणी, मी उशिरा उठते, भिंतीवर काय काय लावलंय. थोडं तेही होतं. गुडघे मला सोयीचे पडत होते.

मग तिच्या फोनमध्ये एक-एक गोष्ट यायला लागली. तोंडाला चव नाही. पाणी कितीही प्यायलं तरी तहान. रात्रीतून पाच वेळा उठते. उलट्या. पप्पा म्हणायचे, "पित्त आहे, तू काळजी करू नको, तू जॉब कर." मी गुगल केलं, शुगर आलं, म्हटलं शुगर तपासा. तपासली, नॉर्मल. मला बरंच वाटलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मी दुपारी फोन केला. आईने उचलला. आवाज लांबून आल्यासारखा. म्हणाली, "कोण?" मी म्हटलं, "आई, मी मनू." ती म्हणाली, "मनू शाळेतून नाही आली अजून. गच्चीवर कुरडया आहेत माझ्या, कावळे बसू राहिले. कोण बघणार?"

मी ऑफिसच्या जिन्यात खाली बसले. तीन वेळा म्हटलं, आई, मी मनू. तिने फोन कुठेतरी ठेवून दिला, आणि मला फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. तेव्हा काय करायचं असतं? पाच तासांचा रस्ता आहे, सेंधव्याचा घाट आहे. फोनमधून हात घालता येत नाही.

पप्पांना फोन करून सांगितलं आणि संध्याकाळच्या बसने निघाले. तोवर पप्पांनी तिला जळगावला दाखल केलं होतं. तिथे रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं निघालं, किडनीचे आकडेही बिघडलेले. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? पप्पा म्हणाले, बीपीची एक गोळी. मीही म्हटलं, बीपीची एक गोळी. बघा हं, मीसुद्धा. पुडी माझ्या डोक्यातच आली नाही. ती डब्यातून गेली होती ना, सेवेबरोबर. ती औषध नव्हतीच आमच्या लेखी, ती लेकीकडची वस्तू होती.

दोन दिवस त्यांनी कॅन्सर शोधला. कॅल्शियम असं वाढलं की तेही बघावं लागतं म्हणे. स्कॅनच्या दाराबाहेर मी आणि पप्पा बसलेलो. आईचा हात सलाईनसाठी बाहेर काढलेला, बांगड्या काढून ठेवलेल्या. मी त्या हाताकडे बघत होते आणि मला कळेना काय चुकतंय. मग लक्षात आलं. रेघा नव्हत्या. मनगटापासून कोपरापर्यंत एकच रंग, फिकट, माझ्यासारखा.

तिसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला घरी गेले. चहा करावा म्हणून साखर शोधायला लागले आणि मांडणीवर डबा दिसला. उचलला तर आत काहीतरी सळसळलं. उघडला. रिकाम्या पुड्या. नीट घडी केलेल्या, दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले. मी ओट्यावर मांडून मोजल्या. सेहेचाळीस. मी पाठवल्या होत्या आठ.

बाकीच्या तिने मेडिकलमधून आणल्या होत्या. रिकामी पुडी दाखवायची, तशीच मागायची. कुणी विचारलं नाही, कशाला, किती. आणि शेजारी एक जुनी चिठ्ठी होती गावातल्या डॉक्टरची, पावसाळ्याच्या सुरुवातीची, माझा डबा जायच्याही आधीची. डीचीच इंजेक्शनं, तीन, मोठ्या डोसची. मला सांगितलंच नव्हतं. पप्पांना फोन केला तर म्हणाले, "ते तर ताकदीचं आहे ना? रोज दुधात घ्यायची ती. तू पाठवलेलं म्हणून मी काय बोलणार?"

चिठ्ठी आणि पुड्या घेऊन परत जळगाव. डॉक्टरांनी टेस्ट केली, मशीनला मोजता येईल त्याच्याही वर आकडा. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नीट समजावून सांगितलं. डी पोटातून कॅल्शियम रक्तात ओढतं, कमी पडलं तर हाडं दुखतात, फार झालं तर तेच कॅल्शियम किडनीवर आणि डोक्यावर जातं. मी विचारलं, मग आता काढायचं कसं? ते म्हणाले, "काढता येत नाही. शरीरातल्या चरबीत साठलंय. कॅल्शियम खाली आणायला सलाईन, औषधं देऊ, पण ते हळूहळू झिरपत राहणार. काही महिने लागतील. वाट बघायची."

वाट बघायची. मी डबा भरून पाठवला, आणि आता तो परत मागवता येत नाही.

आई चार-पाच दिवसांनी ताळ्यावर आली. मला ओळखलं, "कधी आलीस? जेवली का?" मी तिला लगेच विचारणार नव्हते, पण मला कुठे धरवतं! म्हटलं, "आई, मी आठवड्याला एक सांगितली होती. विसरलीस का?"

ती छताकडे बघत म्हणाली, "विसरली नाही. रविवारी म्हणाली होतीस तू."

"मग?"

"आठ आठवडे म्हणजे दिवाळी आली असती. मला दिवाळीच्या आत तुझ्याकडे यायचं होतं. फराळ घेऊन. म्हटलं रोज घेतली तर लवकर होतील पाय." मग जरा हसली. "एक दिवस तर गच्चीचा जिना दोनदा चढून बघितला मी. प्रॅक्टिस."

मी बाटलीत पाणी भरून आणते म्हणून उठले आणि बाटली तिथेच विसरून गेले.

मी तीन आठवडे थांबले. मॅनेजरने आधी "हां हां मैडम, फैमिली फर्स्ट" म्हटलं, मग "मैडम, कब तक?" म्हटलं. पप्पा तेच म्हणाले, तू बघ तुझं. मी आले परत, तोच डबा पिशवीत घालून. आल्यासारखी आले, एवढंच.

आता आई घरी आहे. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. आकडा उतरतोय, पण मुंगीच्या पावलाने. किडनी किती सावरेल ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. आणि तिला काय काय बंद आहे ऐका. दूध बंद. दही बंद. तीळ बंद, नाचणी बंद. आणि ऊन बंद. सध्या उन्हात बसू नका म्हणाले. ऐन थंडीत, सगळी गल्ली सकाळी ओट्यावर बसून गप्पा मारते तेव्हा माझी आई पडदा ओढून आत. तीन वर्षं वाळवण खायला कुणी नव्हतं म्हणून उन्हात गेली नाही, आणि आता जावंसं वाटतंय तर मनाई.

आणि मी? मला मॅडमनी सांगितलंय, सकाळी वीस मिनिटं ऊन घ्यायचंच. म्हणजे मी इथे गच्चीवर पाय पसरून बसते, आणि प्रत्येक मिनिट तिच्या वाटणीचं खाल्ल्यासारखं वाटतं.

आज सकाळी व्हिडिओ कॉल लावला. तिच्या खोलीत अंधार, फक्त चेहरा आणि मागे कॅलेंडर. आज चांगल्या मूडमध्ये. म्हणाली, "ऊन दाखव न जरा." मी कॅमेरा फिरवला. काकूंनी गच्चीवर मुगाच्या वड्या घातल्यात, इथे बडी म्हणतात, जुन्या साडीवर ओळीने. आई पुढे झुकून बघायला लागली. मग एकदम तोच जुना आवाज, "मनू, कडेच्या उलटव गं, वरून वाळल्या त्या. आणि साडी ताण, मधे पाणी धरू राहिली."

काकू म्हणाल्या, "हो जी, तुम्ही बिल्कुल सही सांगता, हिला काही कळत नाही." आणि दोघी बोलत बसल्या, मीठ किती, हिंग किती. मी मधे मोबाईल धरून उभी, हात दुखायला लागला तरी खाली केला नाही. काकूंनी विचारलं, "मग केव्हा येता आमच्याकडे? खाली आमच्याच खोलीत राहा, जिना चढायचंच नाही!"

इतकं सोपं होतं. तीन वर्षांत मला सुचलं नाही. आई म्हणाली, "येईन न, आकडा उतरला की." मग कॅमेऱ्यात माझ्याकडे बघून म्हणाली, "घाई नाही आता."

पूर्वी मला कुणी घर कुठे विचारलं तर मी पटकन चोपडा म्हणायचे. आता अडकते. तिकडच्या खोलीत ऊन नाही, इकडच्या गच्चीत आई नाही, आणि दोन्हींच्या मधे तो डबा तेवढा जातो-येतो. घर उरलंय ते त्या डब्याएवढं.

तो डबा आत्ता माझ्यासमोर आहे. घासून, पुसून, झाकण उघडं. साडेसातची बस आहे. सेव खारट, तिला नको. मिठाई दुधाची. गजक तिळाची. चिक्कीत काय असतं ते मी चार वेळा वाचलं आणि तरी खात्री नाही. आता मला कशाचीच खात्री नाही. काकू म्हणतात, बड्या टाक. त्या चालतील की नाही ते डॉक्टरांना मेसेज करून विचारलंय, अजून उत्तर नाही. आणि रिकामा पाठवायचा नाही म्हणून तिने सांगितलंय, स्टँडवर, तिच्या त्या काळ्या हातांनी डबा माझ्या मांडीवर ठेवून.

तुम्ही जे घर सोडून कुठे कुठे गेलात, आणि तुम्ही जे मागे राहिलात, मला खरंच सांगा. तुमच्याकडून कधी असं गेलंय का काही, प्रेमाने, न विचारता, दुरून? तुमच्या आईने कधी तुमच्याकडे लवकर यायला म्हणून काही केलंय का, जे तुम्हाला फार उशिरा कळलं? आणि त्यानंतर पहिल्यांदा डबा पाठवताना तुम्ही त्यात काय भरलंत?